सरांचा पहारेकरी

सकाळी शिट्टी वाजली की मी शिलाई मशीनवरचा पाय उचलायची आणि पेला घेऊन ओसरीवर जायची. एकटी मीच नाही. समोरचे बांगडीवाले चाचा, पलीकडची शेळीवाली आजी, दूध घालायला आलेला माणूस, ज्याच्या कानावर शिट्टी पडेल तो आपापला पेला घेऊन हजर. रांग वाकडी झाली की सर पुन्हा शिट्टी फुंकायचे. कवायतीचे मास्तर होते ना ते. बुलढाण्याच्या शाळेत पोरांना सावधान-विश्राम करवण्यात उभी नोकरी गेली. रिटायर झाल्यावर देऊळघाटात पोरं कुठून आणायची, म्हणून आम्हालाच उभं करायचे.

ओसरीवर मोठ्या गंजात काढा उकळून ठेवलेला असायचा. गुळवेल, आलं, तुळस, मिरं, आणि आणखी एकदोन वस्तू, ज्यांची नावं ते सांगत नसत. इतका कडू की पिऊन झाल्यावर साधं पाणीसुद्धा गोड लागायचं. पेल्यात डाव रिकामा करताना प्रत्येकाला एकच वाक्य ऐकवायचे, "घ्या. पहारेकरी जागा पायजे."

पहारेकरी म्हणजे रोगप्रतिकारशक्ती. तो शब्द सरांना आवडत नसे. "एवढा लांब शब्द बोलेपर्यंत सर्दी नाकात शिरते," म्हणायचे. शरीर म्हणजे घर, दारात एक पहारेकरी, त्याच्या हातात काठी. त्याला चांगलंचुंगलं खाऊ घातलं की तो जागा राहतो, आणि तो जागा राहिला की आजार उंबऱ्यावरूनच परत जातो. सरांचं सगळं शास्त्र एवढंच.

चाचा पेला तोंडाला लावायच्या आधी काहीतरी बोलल्याशिवाय राहायचे नाहीत. एकदा म्हणाले, "सर, माह्या पहारेकऱ्याची काळजी नका करू. बेगम रातभर इतकी घोरते, त्याले झोप येईन कुठून?"

"मग त्याले खुराक जास्त लागीन," सर म्हणाले आणि अर्धा डाव आणखी ओतला. चाचांनी नंतर बेगमचं नाव काढलं नाही.

आम्ही सरांचे भाडेकरू. मागच्या दोन खोल्या आमच्या. मी मूळची देऊळगाव राजाची, यजमानांच्या नोकरीपायी इकडे आले. लेक नोकरीला जालन्याला, त्यामुळे ते गेल्यावर मी आणि मशीन, दोघीच राहिलो. माझी खिडकी नेमकी त्यांच्या ओसरीवर उघडायची, त्यामुळे ब्लाउजला काजं करता करता मला सगळं दिसायचं आणि ऐकू यायचं. कुणी म्हणेल, दुसऱ्याच्या घरात काय डोकावायचं. पण डोकवावं असा माणूस शेजारी असला तर काय करणार?

सरांचं खाणं पाहण्यासारखं होतं. शेवग्याचा पाला वाळवून त्याची पूड करून ठेवायचे आणि कशावरही भुरभुरायचे. वरणावर ठीक, भातावर ठीक, पण एकदा पाहुण्यांसाठी शिरा केला होता त्याच्यावरसुद्धा. पाहुण्यांना वाटलं वेलदोडा आहे. जवसाची चटणी, आवळा, भिजवलेले दाणे, अंबाडीची भाजी, सगळं त्या पहारेकऱ्याच्या नावानं. त्यात दुकानातल्या गोळ्याही असत. एक गोळी पाण्यात टाकली की फसफस करत नाचायची आणि पाणी नारिंगी व्हायचं. तो ग्लास सर कानाशी धरून बसायचे. आवाज पुरता थांबल्याशिवाय प्यायचे नाहीत.

"काऊन हो सर, ऐकता काय?" मी एकदा विचारलंच. त्यांच्याशी बोलताना मलाही त्यांचं वऱ्हाडी यायचं.

"ताकद उतरून राह्यली पाण्यात, ताई. अर्ध्यात पेली तर अर्धीच भेटीन."

आता पुढचं लिहावं की नाही, मला कळत नाही, पण ते स्वतःच सगळ्यांना सांगत सुटले होते म्हणून लिहिते. एक दुसरी गोळी होती. ती घ्यायला लागल्यापासून त्यांची लघवी हळदीसारखी पिवळी व्हायला लागली. सर खूश. अंगी लागल्याची खूण म्हणाले. मग मेडिकलवाल्याला जाऊन ही आनंदाची बातमी दिली, तर तो म्हणाला, "सर, अंगाले लागते तेवढंच अंग घेते. बाकीचं रंगून बाहेर पडते." सर घरी येऊन ओसरीवर बसले. मग खिडकीकडे बघून म्हणाले, "म्हणजे ताई, इतके दिवस मी मोरीले ताकद देऊन राह्यलो का?"

हे मला त्यांचं फार आवडायचं. माणूस हट्टी, पण स्वतःला फसवायचा नाही. एका हिवाळ्यात त्यांनी ठरवलं की काढ्याचा गुण येतो का ते पाहायचं. गल्लीच्या आमच्या बाजूला काढा चालू, चाचांच्या बाजूला बंद. चाचा म्हणाले, "हमपे ये मेहरबानी क्यूँ?" आणि खुशीत चहा प्यायला लागले. हिवाळा सरला. सर रोज सकाळी गल्लीच्या मधोमध उभे राहून दोन्हीकडचा खोकला ऐकायचे. शेवटी मला म्हणाले, "ताई, दोन्ही बाजूले खोकला सारखाच वाजून राह्यला." मला वाटलं, आता गंज उतरवतील. तर दुसऱ्या दिवसापासून काढ्यात गुळवेल वाढली. म्हणे, औषध कमी पडलं असेल.

त्या काढ्यामागे एक दुःख होतं, ते मला वहिनींनी सांगितलं. वहिनी म्हणजे सरांची बायको. सरांच्या हाताखाली एक मुलगा कबड्डी खेळायचा. पुढे मोठा झाला, लग्न झालं, तरी सर दिसले की पाया पडायचा. अंगानं असा की दोन पोरं त्याला लोंबकळली तरी रेषेला शिवून यायचा. तो करोनात गेला. तेव्हा सर दवाखान्याच्या फाटकाबाहेर उभे होते, आत कुणाला सोडत नव्हते. घरी आल्यावर ते रडले नाहीत. एकच विचारत राहिले, "त्याच्यात काय कमी होतं? दूध पेत होता, अंडे खात होता, दंड-बैठका मारत होता. काय कमी होतं त्याच्यात?" त्यानंतर कडुनिंबावर चढलेली गुळवेल शोधत ते वावरा-वावरांतून फिरायला लागले. शिट्टी पुन्हा गळ्यात आली ती तेव्हा.

वहिनींबद्दल सांगायचं तर आधी त्यांच्या भाकरीबद्दल सांगावं लागेल. ज्वारीची भाकरी, ताटाएवढी, कडा कागदासारखी. थापताना टाळीसारखा आवाज यायचा आणि तो आवाज आला की सर हात धुऊन पाटावर बसायचे. वहिनी स्वभावानं अबोल. सरांच्या शिट्ट्या, पुड्या, गोळ्या यांवर त्यांनी कधी चकार शब्द काढला नाही. फक्त शिऱ्यावर पाला पडला त्या दिवशी म्हणाल्या, "अहो, साखरेचा तरी मान ठेवा."

मग तो टाळीचा आवाज हळूहळू मंद झाला. सकाळी वहिनींची बोटं वळेनात. सुजायची, गरम लागायची, मूठ मिटायला ऊन वर यावं लागे. पिठाचा गोळा हातात घेऊन त्या बसून राहायच्या. सरांनी निदान लगेच केलं: अशक्तपणा. पहारेकरी थकला. वहिनींच्या पेल्यात दोन डाव पडायला लागले. बोटं आणखीच सुजली. एक दिवस पिशवीची गाठ सोडवायला त्या माझ्याकडे आल्या आणि म्हणाल्या, "ताई, मले बुलडाण्याले नेता का? हे येतीनच, पण तुमी असल्या तर मले बोलता येईन."

बुलढाण्याच्या डॉक्टरीणबाई तरुण होत्या. त्यांनी एकेक बोट दाबून पाहिलं, रक्त तपासायला लावलं, आणि पुढच्या खेपेला सांगितलं, "हा संधिवात आहे. यात आपलीच प्रतिकारशक्ती आपल्याच सांध्यांवर उलटते. औषध देऊन ती थोडी खाली आणावी लागेल. वेळेवर आणली तर बोटं वाचतील. नाहीतर वाकडी होतील आणि मग सरळ होणार नाहीत."

"खाली?" सर म्हणाले.

"हो. खाली."

"मॅडम, मी तर सारी गल्ली वर नेऊन राह्यलो."

बाई हसल्या नाहीत. गोळी आठवड्यातून एकदाच, ठरलेल्या वारी, रोज चुकूनही नाही, असं त्यांनी वहिनींकडून तीनतीनदा म्हणवून घेतलं. मधूनमधून रक्त तपासायला यायचं, कारण ही गोळी कधी लिव्हरला सोसत नाही.

एसटीत वहिनी म्हणाल्या, "गुरुवार ठेवते. महाराजाचा वार आहे, चुकणार नाई." शेगावची वारी त्यांनी कधी चुकवली नव्हती. सर खिडकीबाहेर पाहत होते. म्हणाले, "महाराजाच्या वारी आपल्याच पहारेकऱ्याले हाणायचं?" त्यांचा चेहरा मला आजही आठवतो. त्यांना खरंच भीती वाटत होती. एक धडधाकट पोरगा त्यांनी गमावला होता, आणि आता बाई त्यांच्याच बायकोची शक्ती कमी करायला सांगत होत्या.

तरी गोळी सुरू झाली. बोटांची सूज उतरली, पिठाला हात लागायला लागला. पण पुढे वहिनींचं जेवण तुटलं. अन्नाचा वास नकोसा झाला, पायरी चढताना बसावं लागे. रक्ताचा कागद घेऊन आम्ही पुन्हा बाईंसमोर बसलो. लिव्हरला सूज होती.

"गोळीशिवाय आणखी काही घेता?" बाईंनी विचारलं.

"नाई," वहिनी म्हणाल्या. टेबलाकडे बघत म्हणाल्या.

बाईंनी दुसऱ्यांदा विचारलं. वहिनी दुसऱ्यांदा नाही म्हणाल्या. मी सरांकडे पाहिलं. त्यांचा हात शर्टाच्या खिशावर गेला होता, गावाबाहेर जाताना शिट्टी तिथे असायची.

"ती खोटं बोलून राह्यली, मॅडम," सर म्हणाले. "माह्यासाठी बोलून राह्यली. मी देतो. गुळवेलीचा काढा. गुरुवार सोडून रोज, दुप्पट."

"का?"

"तुमची गोळी जेवढं खाली आणते तेवढं मागून भरून काढावं म्हणून."

मला वाटलं आता बाई रागावतील. त्या खुर्चीत मागे टेकल्या आणि म्हणाल्या, "गुळवेलीनं काहींच्या लिव्हरला त्रास झालेला आम्ही पाहतो. ज्यांची प्रतिकारशक्ती अशी उलटलेली असते, त्यांना जास्त जपावं लागतं. काढा आजपासून बंद. गोळीही थोडे दिवस थांबवू. लिव्हर सावरलं की गोळी पुन्हा, काढा नाही."

सरांनी मान हलवली, पण ते उठेनात. म्हणाले, "मॅडम, एक समजून सांगा. पहारेकरी जागा ठेवला तर वाईट कसं?" आणि त्यांनी आपलं ते घर, दार, काठी, सगळं त्यांना सांगितलं. बाहेर पेशंट बसलेले. पण बाईंनी ऐकून घेतलं.

"चांगली गोष्ट आहे," त्या म्हणाल्या. "फक्त तो एकटा नसतो. त्यांची फौज असते, काही धावणारे, काही थांबवणारे. सगळ्यांना भडकवून काय उपयोग? यांचा पहारेकरी जागाच आहे, सर. तो घरच्याच माणसांना काठीनं मारतोय. त्याला आणखी खुराक कशाला?"

मलाच राहवलं नाही. मी विचारलं, "मग बाई, आवळा, शेवगा, गोळ्या, हे सारं फुकट का?"

"फुकट का असेल? उपाशी पहारेकरी काय राखणार? अंगात काही कमी असेल तर ते खाण्यानं, लागली तर गोळीनं भरून काढायचं. तुमची भाकरी, डाळ, पालेभाजी, फळ, झोप, एवढ्यानं बहुतेकांचं भागतं. पण भरलेल्या पोटावर आणखी ओतलं म्हणून तो दुप्पट तगडा होत नाही." मग त्या सरांकडे वळल्या. "आणि तुम्हाला त्याला काही शिकवायचंच असेल तर लस आहे. लस म्हणजे चोर यायच्या आधी पहारेकऱ्याला त्याचा फोटो दाखवणं."

मला ते माझ्यापुरतं असं कळलं: अळणी भाजीत मीठ घातलं तर चव येते, म्हणून कुणी मुठीनं मीठ घालत नाही. इतकी साधी गोष्ट मी रोज चुलीपाशी करत होते आणि काढा मात्र डोळे मिटून पीत होते.

उठता उठता सरांनी शेवटचं विचारलं. आवाज इतका खाली आला होता की बाईंना पुढे वाकावं लागलं. "माहा एक पोरगा होता. कबड्डीचा. करोनात गेला. त्याच्यात काय कमी होतं?"

"मी त्याला पाहिलं नव्हतं," बाई म्हणाल्या. "खात्रीनं नाही सांगता येणार. पण काही तरुण माणसांमध्ये फौजच इतकी उसळली की तिनं घर मोडलं. त्याच्यात काही कमी होतंच, असं नाही."

परत येताना एसटीत गर्दी नव्हती. सर वहिनींना म्हणाले, "मॅडमपुढं काऊन खोटं बोलली तू?"

"तुमी मन लावून उकळत होते," वहिनी म्हणाल्या. "नाई कसं म्हणू?"

"कडू लागत नव्हता?"

"लागत होता ना. पहिल्या दिवसापासून लागून राह्यला."

मी तिकिटाची घडी करत बसले.

दुसऱ्या दिवशी शिट्टी वाजली नाही. लोक पेले घेऊन आले आणि ओसरीवर एकमेकांकडे पाहत उभे राहिले. सर पिशवी घेऊन बाहेर पडले आणि घरोघर जाऊन त्यांनीच वाटलेल्या गुळवेलीच्या पुड्या मागून घ्यायला लागले. हिवाळ्यानंतर चाचांनाही काढा पुन्हा सुरू झाला होता, बाटली भरून घरी दिला होता. ती रिकामी करत चाचा म्हणाले, "सर, इतके साल पिलवला, आता म्हणता नको. मेरे पहारेकरी को क्या बोलूं?"

"त्याले सांगा मास्तर चुकला," सर म्हणाले. एवढं सरळ उत्तर आल्यावर चाचांनी बाटली खाली ठेवली. त्यांनी सरांना आत बोलावून चहा दिला.

अंगणातल्या झाडावरची गुळवेल त्यांनी तोडली नाही. मी विचारलं तर म्हणाले, "तिचं काय चुकलं? झाडावर चढत होती. मीच तिले गंजात टाकली." शेवग्याची पूड राहिली, पण वरणापुरती. नारिंगी गोळी मात्र अधूनमधून घ्यायचे. "गुणासाठी नाई ताई," म्हणायचे, "आवाजासाठी."

आठवडाभर ओसरी ओकीबोकी होती. मग पुन्हा शिट्टी झाली. गंजात नुसतं आलं-गुळाचं गरम पाणी होतं. शेळीवाल्या आजीनं पेला पुढे केला आणि विचारलं, "हे कायच्यावर हाय, मास्तर?"

"कायच्यावरच नाई. सकाळ झाली म्हणून."

आजी पिऊन म्हणाल्या, "मंग हेच आधी द्याचं ना."

आणि अंगणवाडीत लसीचा दिवस असला की सर सकाळपासून तिथे. लेकरं रडायची, आया घाबरायच्या, सर शिट्टी फुंकून रांग सरळ करायचे आणि प्रत्येक रडणाऱ्या लेकराला सांगायचे, "अबे, फोटो दाखवून राह्यले फक्त."

वहिनींचं लिव्हर सावरलं. गोळी पुन्हा सुरू झाली, आणि या वेळी ती द्यायचं काम सरांनी स्वतःकडे घेतलं. मला उत्सुकता होती की ते देताना काय म्हणत असतील. इतकी वर्षं प्रत्येक घोटाबरोबर एक वाक्य म्हणणारा माणूस, तो ही गोळी मुकाट्यानं देईल, हे मला खरं वाटत नव्हतं.

ते मला अगदी शेवटी कळलं. लेकानं मला जालन्याला न्यायचं ठरवलं. निघायच्या आदल्या दिवशी गुरुवार होता, तिन्हीसांजेला वहिनींनी मला जेवायला बोलावलं. उपास सोडायला भाकरी होती. मी पाटावर बसले आणि आतून तो आवाज आला, टाळीचा. पूर्वीइतका मोठा नाही, पण आला. भाकरी ताटाएवढी नव्हती, बशीपेक्षा थोडी मोठी, एका कडेला जाडसर. सर ती अशी बघत होते की मला वाटलं आता हिलाही कानाशी धरतात.

जेवण झालं. सरांनी कपाटातून डबी काढली, गोळी वहिनींच्या तळहातावर ठेवली. हात धुतले तरी त्यांच्या बोटांच्या पेरांत पीठ राहिलं होतं. सरांनी ती बोटं आपल्या हातानं हळूच मिटवली आणि त्या मुठीलाच सांगितलं, "नीज बाप्पा आता. लय जागला."

वहिनींनी पाण्याबरोबर गोळी घेतली. सरांनी अंगणाचं फाटक लावलं, शिट्टी खुंटीला अडकवली आणि स्वतः उंबऱ्यावर जाऊन बसले.